दोष कुणाचा, ते आधी पाहा
आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिससाठी सासवडहून पुण्याला न्यावे लागते. परतताना एकदा दिवे घाटाच्या चढावर गाडी आचके देऊ लागली. मेकॅनिक म्हणाला, ‘‘चारही इग्निशन कॉइल बदला.’’ खर्च ऐकून मी घरीच बॉनेट उघडले.

बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते, तेव्हा प्लगमध्ये ठिणगी पडते. आमच्या पेट्रोल गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. मित्राच्या स्कॅनरने तिसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवले. इंजिन गार होऊ दिले, बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. वायर न ओढता, खिट्टी दाबून कनेक्टर सोडवले. मग पहिल्या आणि तिसऱ्या कॉइलची अदलाबदल केली. तार जोडून गाडी सुरू केली, तर दोष पहिल्या सिलिंडरवर आला! म्हणजे प्लग निर्दोष, कॉइलच गेलेली. एकच नवी आणून बसवली.

एक मात्र सांगतो. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

पुढच्या खेपेला घाट चढताना मागे पाहिले. आई शांत झोपली होती.