उद्याचा समाज आणि खर्ची पडणारी पात्रे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



विज्ञानकथांवरील परदेशी दूरचित्रवाणी मालिका हा आपल्या अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काहींना येईल. माझे उत्तर होकारार्थी आहे. उद्याचा समाज कसा असावा, हे सांगण्याचे काम आपण समाजवादी करतो. या मालिकाही तेच करतात, आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या समुदायापुढे करतात.

अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ १९६६ साली सुरू झाली. तिच्या उत्तरकालीन मालिकांनी रंगविलेल्या चोविसाव्या शतकात पृथ्वीवरील दारिद्र्य संपले आहे, पैसाही उरलेला नाही. कृष्णवर्णीय स्त्रीला यानावरील अधिकारपद देण्याचे धैर्य तर प्रारंभीच दिसले. तथापि १९८७ साली डेव्हिड जेरॉल्ड या लेखकाने नव्या मालिकेसाठी समलिंगी जोडपे असलेली कथा लिहिली, ती चित्रित झालीच नाही. यानाच्या नित्याच्या परिवारात असे जोडपे उघडपणे वावरू लागावयास २०१७ साल उजाडावे लागले. पैशाविना समाज कल्पू शकणारी प्रतिभा एवढ्या साध्या गोष्टीपाशी अर्धशतक अडली! याचे एक मोठे कारण अर्थव्यवहारात आहे. जाहिरातींवर पोसलेल्या धंद्याला प्रेक्षक दुरावण्याची धास्ती सदैव असते.

परंतु प्रवेश मिळाला म्हणजे न्याय मिळाला, असे नव्हे. अर्थशास्त्रात आपण केवळ रोजगाराची संख्या मोजत नाही. धोक्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, हेही पाहतो. कथेलाही हाच निकष लावला पाहिजे. ब्रिटनमधील ‘टॉर्चवुड’ मालिकेतील यांटो जोन्स २००९ साली नायकाच्या बाहूंत प्राण सोडतो. त्याचे मरण नायकाच्या शोकाची सामग्री ठरते. ‘द हंड्रेड’मधील लेक्सा ही पराक्रमी सेनानी. मार्च २०१६ मध्ये प्रसारित झालेल्या भागात प्रेयसीशी मीलन झाल्यावर काही क्षणांतच, त्या प्रेयसीवर झाडलेल्या गोळीने ती मरते. ‘स्टार ट्रेक’च्या ज्या जोडप्याचा वर उल्लेख केला, त्यातील डॉक्टर कल्बर याचाही जानेवारी २०१८ मध्ये बळी गेला; २०१९ साली त्याला परत आणण्यात आले.

अशा कथांत सारेच मरतात, मग यांनीच मरू नये काय, असा प्रतिवाद केला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्या वर्गाची पात्रे मुळात मूठभर, त्यांतील एक गेले तरी त्या वर्गाचे जवळजवळ सारे भांडवल बुडते. लेक्साच्या मृत्यूनंतर संतप्त प्रेक्षकांनी तरुणांच्या आत्महत्या रोखणाऱ्या एका संस्थेसाठी निधी उभारला. पडद्यावरील एकुलता आधार हरपणे म्हणजे काय, हे त्यांनी ओळखले होते.

मृत्यू हा खरा आक्षेप नव्हेच. ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेच्या २०२३ मधील तिसऱ्या भागात बिल आणि फ्रँक दोघेही मरतात. पण तत्पूर्वी ते वर्षानुवर्षे एकत्र संसार करतात, भांडतात, बाग फुलवितात, म्हातारे होतात. त्यांचे जीवन त्यांचे स्वतःचे आहे; दुसऱ्याच्या कथेला लागणारे इंधन नव्हे. मुख्य कथेत दुय्यम असलेल्या माणसांनाही पूर्ण आयुष्य देता येते, याचा हा पुरावा होय.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने नाकारला. म्हणजे प्रवेश मिळाला, वाटा मिळालेला नाही. म्हणून साथींनो, आपण समतेच्या समाजाचे चित्र रेखाटू तेव्हा त्यात कोण कोण आहे एवढेच विचारून थांबू नये. त्या चित्रात म्हातारे होण्याचा अधिकार कोणाला आहे आणि इतरांच्या ध्येयासाठी खर्ची कोणी पडावयाचे आहे, हेही विचारावे. उत्तर विषम असेल, तर ते चित्र समाजवादाचे नव्हे.