झुंजार, बहादूर आणि आपली नातवंडे



उत्सवाच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, श्रीमंत सयाजीराव महाराजांची दूरदृष्टी असे विषय शोभतात. आज आम्ही कपाटाच्या खालच्या फळीवरचा विषय घेतला आहे. मारामारी, घोडदौड, पाठलाग आणि हशा यांनी भरलेली, भडक चित्रांची ती स्वस्त पुस्तके. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचली आहेत!

बडोद्याला ना वाचन परके, ना दोन हात करण्याची विद्या. 1910 साली महाराजांनी येथे मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके धाडली. माणिकरावांच्या आखाड्यात लाठी, लेझीम, मल्लखांब घुमत होता. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी याच गावातून ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत काढले. कुस्तीचे डाव आणि शस्त्रांचे हात चित्रांसह समजावणारा एवढा मोठा ग्रंथ मराठीला बडोद्याने दिला, हे नव्या पिढीला सांगायला हवे. पण ज्ञानकोश वाचून मुलगा झोपेतून उठून बसत नाही. त्यासाठी गोष्ट लागते.

ती गोष्ट बाबूराव अर्नाळकरांनी दिली. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. झुंजार आणि त्याची विजया, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी घराघरांत नातलगांसारखी वावरत. रघुवीर मुळगावकरांनी मुखपृष्ठांवर त्यांना चेहरे दिले. कथानके बरीचशी विलायती वळणाची. पण बोलणे ठसठशीत मराठी. पान संपता संपता काळजाचा ठोका चुकायचा, आणि पुढचे पान उलटण्यावाचून गत्यंतर नसायचे.

मग 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्स आली. मराठीत ‘वेताळ’, गुजरातीतही तोच. बडोद्याच्या मुलांची चैन झाली: शेजारच्या गुजराती मित्राकडचा अंक तिकडे वाचावा, आपला त्याला द्यावा. त्या चित्रकथांत गोरा नायक जंगलातल्या काळ्या माणसांचा तारणहार असे, ही गोष्ट आज खटकते आणि खटकलीच पाहिजे.

1976 मध्ये त्याच मालिकेत बहादूर आला. त्याचे जनक आबिद सुरती आपल्याच गुजरातचे, राजुल्याजवळच्या वावेऱ्यात जन्मलेले. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. अमेरिकन काउबॉयची कथा इथे डाकूंच्या मुलखात उतरली होती. बहादूरचा बाप स्वतः दरोडेखोर. तो पोलिसांच्या हातून मारला जातो आणि पोलीस अधिकारी विशालच पोराला वाढवतो. सूडाने पेटलेला मुलगा शेवटी गावाच्या रक्षणाला उभा राहतो. साथीदार बेलाही हातघाईच्या लढाईत मागे नाही. हेच सुरती ‘धर्मयुगा’त ‘ढब्बूजी’ काढून लोकांना हसवत होते.

आणि हसू म्हटले की फास्टर फेणे. भा. रा. भागवत जन्मले इंदुरात, म्हणजे तेही आपल्यासारखेच बृहन्महाराष्ट्रातले. त्यांचा फुरसुंगीचा बनेश काडीपैलवान. त्याच्याजवळ ना पिस्तूल, ना घोडा. सायकल, डोके आणि तोंडातून निघणारे ‘टॉक्’ एवढ्यावर तो बदमाशांना पुरून उरतो. सुमीत राघवनने दूरदर्शनवर आणि 2017 च्या चित्रपटात अमेय वाघने तो साकारला.

आता मुद्द्याचे बोलू. आपली नातवंडे आजीशी मराठी बोलतात, आरती तोंडपाठ म्हणतात. पण मराठी पुस्तक समोर धरले की नजर चुकवतात. आपण म्हणतो, त्यांना लिपी येत नाही. हे खरे नाही. गुजरातच्या शाळांत हिंदी शिकवतात, त्यामुळे देवनागरी त्यांना येते. अडते ते अक्षर नव्हे, अडते ती गोडी. आणि आपण त्यांच्या हाती पहिले पुस्तक कोणते देतो? बोधकथांचे! आपण स्वतः कशावर वाचायला शिकलो, ते सोयीस्कर विसरतो. झुंजार वाचता वाचता जीभ सरावली, म्हणून पुढे गडकरी आणि पु. ल. जवळचे वाटले. पायरी गाळून माडीवर कोणी चढत नाही.

बोलीही वाचनाविना फार काळ टिकत नाही. आज ‘पाणी आण’ एवढी मराठी घरात उरेल. उद्या तीही ‘पाणी लाव’ होईल. आपल्याकडे ती सुरुवात झालीच आहे, हे आपणही हसत हसत कबूल करतो.

म्हणून एक विनंती. माळ्यावरची जुनी पुस्तके रद्दीवाल्याला देऊ नका, मंडळाच्या खोलीत आणा. फाटकी आम्ही चिकटवू. या दहा दिवसांत आरतीनंतर अर्धा तास मुलांना एक साहसकथा वाचून दाखवू. आजोबांनी निम्मी वाचावी, ऐन पाठलागात थांबावे आणि पुस्तक नातीच्या हाती देऊन खुशाल चहा प्यायला जावे. पुढे काय झाले, हे तिला वाचूनच कळेल.

विद्येचा देव मोदकावर रागावत नाही. मग वाचनातल्या गोडव्यावर तो का रागावेल?

गणपती बाप्पा मोरया!