जुन्या बुलेटचे नवे बळ



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, इतिहास, अर्थकारण या विषयांचा मान मोठा. तेथे आज आम्ही ग्रीसने माखलेला विषय घेऊन उभे आहोत. चालकांनी तो मान्य केला याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. मागच्या रांगांत तरुण मंडळी नेहमीपेक्षा दाटीने बसलेली दिसतात, त्याअर्थी विषय अगदीच परका नसावा.

जुन्या मोटारसायकलीचे इंजिन उघडावयाचे, त्यातील काही भाग काढून त्या जागी मोठ्या इंजिनाचे भाग बसवावयाचे आणि मूळच्यापेक्षा अधिक बळ मिळवावयाचे, हा उद्योग गावोगावच्या गॅरेजांत चालतो. तो का करावा, हा प्रश्न आम्ही येथे घेत नाही. ज्याला ती ओढ लागली त्याला कारण विचारण्यात अर्थ नाही. तो कसा करावा आणि कोठे थांबावे, एवढेच आजचे प्रयोजन. उदाहरण म्हणून बुलेट घेऊ. तिचा आवाज ओळखत नाही असा माणूस या सभेत नसेल.

ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. १९५५ साली रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एन्फिल्ड इंडिया ही संस्था उभी केली. आरंभी विलायतेहून आलेले भाग येथे जोडले जात. पुढे सगळी गाडी तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात होऊ लागली. गंमत अशी, की इंग्लंडात ते इंजिन केव्हाच बंद पडले आणि आपल्याकडे मात्र लोखंडी ब्लॉकचे ते जुने घराणे २०१० च्या सुमारापर्यंत नांदले. पन्नासाहून अधिक वर्षे मूळ आराखडा तोच राहिल्यामुळे आजोबांच्या गाडीचा भाग नातवाच्या गाडीला पुष्कळदा बसतो. अदलाबदलीची चटक लागण्याचे मूळ येथे आहे.

आता थोडे अंकगणित. ३५० सीसी बुलेटच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ७० मिलिमीटर. पिस्टन वरखाली होतो ते अंतर, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. आकारमान भरते ३४६ घनसेंटिमीटर. ५०० सीसी बुलेट इंग्लंडात १९५३ साली आली, आपल्याकडे पुष्कळ नंतर. तिचा बोअर ८४, आणि स्ट्रोक तोच, ९०. आकारमान ४९९. स्ट्रोक तोच म्हटल्यावर तरुण मनात लगेच विचार येतो, की खालचा क्रँक आहे तसा राहू द्यावा, वरचा ब्लॉक, पिस्टन आणि हेड तेवढे ५०० चे आणून चढवावे, झाले काम. ८७ मिलिमीटरचा पिस्टन घालून ५३५ सीसी करणारेही आहेत.

बळ किती वाढते? आकारमान वाढले शेकडा ४४. कारखान्याने स्वतः दिलेले आकडे मात्र असे, की ३५० चे बळ १८ अश्वशक्ती आणि ५०० चे २२. म्हणजे वाढ शेकडा २२ च्या आसपास. उरलेले बळ गेले कोठे? इंजिन हा एक भाता आहे. लोहाराने भाता मोठा केला पण नळी तशीच ठेवली, तर त्याची दमछाक तेवढी वाढेल, वारा त्या मानाने वाढणार नाही. इंजिनाचे बळ सिलिंडर किती मोठा यावर अवलंबून नसते. एका मिनिटात तो किती हवा आत घेतो आणि धूर किती मोकळेपणी बाहेर टाकतो, यावर असते. म्हणून कारखान्याने ३५० ला २४ मिलिमीटरचा कार्बोरेटर दिला तेथे ५०० ला २८ चा दिला. तरीही मोठे इंजिन आपले सर्वाधिक बळ थोड्या कमी फेऱ्यांवर देते, ५,६२५ ऐवजी ५,४०० वर. त्याचा खरा लाभ सपाट रस्त्यावरील अखेरच्या वेगात नाही. मागे माणूस बसलेला असताना घाटात गिअर न बदलता चढण निघते, त्यात आहे. ज्याला हे हवे त्याने खर्च करावा. ज्याला केवळ काटा पुढे गेलेला पाहावयाचा आहे त्याची निराशा होईल.

"हेड जुनेच ठेवले तर?" असे कोणी विचारील, कारण हेडला पैसे पडतात. हिशेबापुरते धरू, की ३५० चा दाबाचा भागाकार साडेसहास एक आहे. म्हणजे पिस्टन वर आला की ३४६ घनसेंटिमीटर हवेला सुमारे ६३ घनसेंटिमीटरच्या पोकळीत कोंडून घ्यावे लागते. आता तेवढ्याच पोकळीत ४९९ कोंबले, तर भागाकार एकदम नवाच्या जवळ जातो. लोखंडी ब्लॉक, वाऱ्याने थंड होणारे इंजिन आणि मूळची नरम दाबाची रचना. पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता धडाधड पेटू लागते, पिस्टनच्या माथ्यावर हातोडे बसल्यासारखा आवाज येतो आणि काही दिवसांत माथ्याला भोक पडते. शिवाय ७० च्या बोअरसाठी कोरलेली हेडची पोकळी ८४ च्या तोंडावर नीट बसणारही नाही. तेव्हा हेडवर बचत करू नये.

आता खालच्या अंगाकडे वळू. येथेच पुष्कळांची फसगत होते, कारण तो भाग डोळ्याआड असतो. ५०० चा ब्लॉक खाली चेंबरमध्ये ज्या गळ्यात उतरतो तो गळा ३५० च्या चेंबरला अरुंद पडतो. तो लेथवर किंवा बोअरिंग मशीनवर वाढवून घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम निगुतीने करणारे हात आहेत. छिन्नी-कानसीने ते करू पाहणारे महाभागही आहेत, त्यांच्याबद्दल बोलून वेळ दवडत नाही.

गळा वाढला, ब्लॉक बसला. पण मोठा पिस्टन जड असतो. एकाच सिलिंडरच्या इंजिनात वरखाली धावणाऱ्या वजनाच्या निम्म्याहून थोडे अधिक वजन फ्लायव्हीलच्या विरुद्ध अंगाला तोलून धरलेले असते. संपूर्ण तोल कधीच साधत नाही, म्हणून तर बुलेट थरथरते. पिस्टन बदलला की हा तोल बिघडतो. फ्लायव्हील काढून, नवा पिस्टन वजन करून, तोल पुन्हा साधावा लागतो. हे काम दिसत नाही म्हणून वगळले जाते, आणि मग हँडल धरलेल्या हातांना मुंग्या येतात, बोल्ट आपोआप सैल होतात, दिव्याच्या काचा तडकतात.

क्रँकवर पडणाऱ्या ताणाची कल्पना यावी म्हणून एक आकडा सांगतो. ५,४०० फेऱ्यांवर पिस्टन शेवटच्या टोकाला जाऊन उलटा फिरतो त्या क्षणी त्याच्या वजनाच्या सुमारे पंधराशे पट ओढ कनेक्टिंग रॉडवर पडते. पिस्टन, रिंगा, पिन मिळून अर्धा किलो धरले तर ही ओढ सातशे किलोंच्या वर गेली. आणि हे मिनिटाला ५,४०० वेळा. त्यातून कोणी फेऱ्या ६,५०० पर्यंत नेल्या, तर फेऱ्या वाढल्या पाचव्या हिश्शाने, ओढ वाढली शेकडा ४५ ने. कारण ती फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. म्हणून आमचे मत असे, की जुन्या बुलेटला आकारमानाने बळ द्यावे, फेऱ्यांनी देऊ नये.

हा सगळा भार शेवटी येतो तो रॉडच्या मोठ्या टोकावर. आपल्याकडच्या जुन्या बुलेटमध्ये तेथे गोळ्यांचे किंवा रोलरचे बेअरिंग नसून एक तरंगता बुश असतो. त्याच्या आत आणि बाहेर तेलाचा पातळ पापुद्रा असतो, आणि त्या पापुद्र्यावरच सारे ओझे तोललेले असते. तेल क्रँकच्या पोटातून जाते. पंप झिजलेला असेल किंवा कव्हरमधील सील गळत असेल, तर साध्या इंजिनाने वर्षभर काढले असते तेथे वाढवलेले इंजिन आठवडाही काढणार नाही. पुष्कळ जाणते कारागीर या निमित्ताने तेथे रोलर बेअरिंग बसवतात. आम्हाला ते पटते. तसे केले नाही तरी पंप आणि सील यांना नवे केल्यावाचून पुढे जाऊ नये.

भाग आणावेत कोठून? पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात सगळे मिळते, फक्त पारख आपली आपण करावयाची. कुंभाराकडे आपण मडके वाजवून घेतो, तसा रॉड दोरीला टांगून हलकेच वाजवावा. खणखणीत वाजला तर बरे, बद्द वाजला तर ठेवून द्यावा. चेंबर आणि हेड यांना रॉकेल चोळावे, पुसून कोरडे करावे, वर खडूची पूड फासावी. भेग असली तर तिच्यात मुरलेले रॉकेल थोड्या वेळाने खडूवर रेघ उमटवते. या परीक्षेला दोन-चार रुपयांहून अधिक खर्च नाही, पण दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या पडू द्याव्यात.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. कारखान्यात पाळीवर काम करणारा, वडिलांची जुनी ३५०, तिच्यावर जीव. पतपेढीचे कर्ज काढून त्याने मोठा ब्लॉक चढवला, २८ चा कार्बोरेटर लावला. ज्याने काम केले त्याने पिस्टन आणि ब्लॉक यांमधील फट अगदी कमी ठेवली, "घट्ट बसला म्हणजे टिकेल" म्हणून. आणि कार्बोरेटरचा जेट तपासलाच नाही. ॲल्युमिनियम तापले की लोखंडाच्या जवळजवळ दुपटीने फुगते, हे त्याच्या ध्यानी नव्हते. जेटमधून पेट्रोल कमी जात होते, त्याने इंजिन आणखी तापले. आंबा घाटात भर चढणीवर पिस्टन ब्लॉकमध्ये रुतला आणि मागचे चाक जागच्या जागी थांबले. मागे बहीण बसलेली होती. त्याची बोटे क्लचवर होती, त्याने ती तत्काळ आवळली, म्हणून दोघे उभी राहिली. नंतर प्लग काढून पाहिला तो पांढराफटक. भाकरीवरच्या खरपूस डागासारखा तपकिरी रंग असावयास हवा होता. एवढी एक खूण पहिल्या दिवशी पाहिली असती तर कर्ज आणि घाट दोन्ही सुखरूप पार पडते.

याउलट माणूस किती दूर जाऊ शकतो, याचेही उदाहरण आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकारगिल येथे बर्ट मन्रो नावाचा गृहस्थ राहत असे. १९२० साली त्याने इंडियन स्काउट गाडी घेतली. नाव इंडियन, पण ती अमेरिकेची. आपला तिच्याशी संबंध नाही. ६०० सीसीचे इंजिन, वेग ताशी ५५ मैल. १९२६ पासून त्याने ती सुधारावयास घेतली आणि जन्मभर तेच केले. पिस्टन तो स्वतः ओतीत असे, साचा म्हणून जुने डबे वापरीत असे. व्हॉल्व्ह बाजूला होते ते त्याने हेडवर नेले. फुटलेले पिस्टन आणि मोडलेले रॉड त्याने फळीवर मांडून ठेवले होते आणि वेगाच्या देवाला वाहिलेले नैवेद्य म्हणून त्यांवर पाटी लावली होती. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनेव्हिलच्या खाऱ्या पटांगणावर त्याने ९५० सीसीपर्यंत नेलेल्या त्याच इंजिनावर ताशी १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. २०१४ साली हिशेबातील चूक सापडून तो आकडा १८४ च्या किंचित वर नेण्यात आला. तेच इंजिन म्हणावे का, असा वाद कोणी घालील. आम्हाला महत्त्वाची वाटते ती फळी. तो प्रत्येक मोडलेला तुकडा हातात घेऊन तो का मोडला हे पाहत असे, आणि पुढला भाग तेवढ्यापुरता बदलत असे. एका फटक्यात सगळे बदलणाऱ्याला काय मोडले तेही कळत नाही.

मन्रोला मोकळे पटांगण होते. आपल्याला शाळा सुटण्याची वेळ आणि बाजाराचा दिवस आहे. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० ने जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला दीडपटीहून अधिक काम करावे लागते. म्हणून इंजिनाआधी ब्रेक. पुढचा ड्रम दोन कॅमचा मोठा बसवावा, तारा नव्या घालाव्यात, मगच ब्लॉकला हात लावावा. आमचा हा क्रम कोणाला भित्रेपणाचा वाटला तरी आम्ही तो बदलणार नाही.

कायद्याचेही एक बोलून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, निर्मात्याने मूळ दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात उतरलेल्या तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला. पुस्तकात ३४६ सीसी आणि पोटात ४९९ असेल, तर अपघातानंतर विम्याच्या माणसाला बोलावयास तोंड मिळते. शर्यतीसाठी बंद मैदानात जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. रस्त्यावर चालवू इच्छिणाऱ्याने आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढून लेखी विचारणा करावी. उत्तर नकारार्थी आले तर मूळ ३५० च उत्तम जुळवून घ्यावी. व्हॉल्व्ह नीट बसवलेली, तोल साधलेली ३५० किती गोड चालते हे पुष्कळांनी अनुभवलेलेच नसते.

इंजिन जुळवून झाले म्हणजे पहिल्या पाचशे किलोमीटरांत त्याला पळवू नये. एका वेगाने रेंगाळूही नये. थोडे ओढावे, थोडे सोडावे. मग तेल गरम असतानाच स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळून काढावे आणि फडके उन्हात नेऊन पाहावे. लोहचुंबकाला चिकटणारी बारीक भुकटी निघाली तर ती रिंगा आणि ब्लॉक यांची. थोडी असणे स्वाभाविक आहे. चुंबकाला न चिकटणारे चंदेरी कण पिस्टनचे. तेव्हा फट पुन्हा मोजावी. आणि पितळी रंगाचे कण चमकले, तर बुश खाल्ला जात आहे असे समजून गाडी तेथेच स्टँडवर लावावी आणि इंजिन पुन्हा उघडावे.