जमावबंदी लागली, बैठक घ्यायची का?

मागच्या आठवड्यात एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं, "तालुक्यात जमावबंदी लागलीय म्हणे. आमची महिन्याची बैठक घ्यायची की नाही? वीसजणी असतो आम्ही."

जमावबंदी म्हणजे पाच किंवा जास्त माणसांनी एकत्र जमू नये, असा आदेश. लोक अजून त्याला १४४ कलमच म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात ते कलम १६३ झालंय. दंगल पेटायच्या बेतात असेल तर असा आदेश हवाच. वेळेवर निघाला तर घरं वाचतात, माणसं वाचतात.

पण कुणीतरी चावडीवर सांगितलं, एवढ्यानं जमावबंदी लागत नाही. आदेश लेखी लागतो, त्यात कारण लागतं. दोन महिन्यांच्या वर तो चालत नाही. राज्य सरकारनं वाढवला तर आणखी सहा महिने, बस्स. काश्मीरच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की असे आदेश लोकांसमोर जाहीर करा आणि रास्त तक्रारीचं तोंड दाबायला ते वापरू नका. पाण्यासाठी हंडा मोर्चा काढणाऱ्या बायकांनी हे ध्यानात ठेवावं.

तेव्हा आधी प्रत मागा. कोणती गावं, कुठली तारीख, सूट कशाला, हे वाचा. अडचण होत असेल तर आदेश रद्द करा किंवा बदला, असा अर्ज आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याकडेच करता येतो. त्यानं लवकर म्हणणं ऐकायचं असतं, आणि अर्ज फेटाळला तर कारण लिहून द्यायचं असतं.

अटकेचंही सांगते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. अटक झाल्यावर २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं, प्रवासाचा वेळ वगळून. जमावबंदी लागली म्हणून यातलं काहीही थांबत नाही.

एकदा मात्र थांबलं होतं. १९७५ च्या आणीबाणीत मृणाल गोरे, दुर्गा भागवत तुरुंगात गेल्या. दुर्गाबाई तर लेखणीच्या बाई! १९७६ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं, की आणीबाणी आहे तोवर बेकायदा कोंडलेल्यालाही दाद मागता येणार नाही. पाच न्यायाधीशांत एकटे ह. रा. खन्ना विरोधात उभे राहिले. म्हणून तर १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आता आणीबाणीतसुद्धा जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टाचं दार बंद करता येत नाही.

त्या ताईंनी दुसऱ्याच दिवशी तहसीलला जाऊन आदेशाची प्रत आणली. आदेश तालुक्याच्या गावापुरताच होता. त्यांच्या गावाचं नावच नव्हतं त्यात. बैठक झाली, हप्तेही जमा झाले.