भीती कानातून येते



चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळक्यांचा जन्म आपल्या त्र्यंबकेश्वरचा.
त्यांच्या या नाशिक जिल्ह्यात आज बोलूया भयपटांच्या ट्रेलरविषयी.

दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर आपल्याला घाबरवतो कसा?
मुख्यतः आवाजानं.

नीट ऐका.
आधी घरातले साधे आवाज येतात.
दाराची करकर… कुणाचा तरी श्वास…
मग सगळं एकदम थांबतं.
पडदा काळा होतो.
आपण कान टवकारतो.
आणि नेमका तेव्हाच दणका बसतो!

आधीची शांतता जितकी गाढ, तितका तो दणका मोठा वाटतो.
म्हणजे घाबरवते ती आवाज आणि शांतता यांची जोडी.

दुसरी युक्ती लपवण्याची.
राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ आठवा.
संततधार पाऊस, जुना वाडा, दाट अंधार.
त्यातला शापित देव हस्तर दिसण्याआधीच त्याची धास्ती बसते.

विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ २०१७ मध्ये चित्रपटगृहांत आला.
त्यात भीती उभी राहते ती उसाच्या फडात.
आपल्या निफाडकरांना फड काही नवा नाही.
उभ्या उसात हातभर पुढचं दिसत नाही… नुसती सळसळ ऐकू येते.
मला ही निवड फार मोलाची वाटते.
इथं भीती परक्या किल्ल्यातली नाही, आपल्या शिवारातली आहे.
पुढे याच चित्रपटावरून हिंदीत ‘छोरी’ आला.

आणि पालकांनो, एक विनंती.
असा ट्रेलर अचानक लागला आणि मूल घाबरलं, तर आधी आवाज बंद करा.
मग त्याला जवळ घ्या.