विस्मृतांचा इतिहास आणि शाळेचा वर्ग : स्वागताध्यक्षीय भाषण

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक आणि ठिकठिकाणांहून आलेले इतिहासशिक्षक यांचे स्वागत समिती बुलढाणा नगरीत मनःपूर्वक स्वागत करीत आहे. उपेक्षित इतिहासकर्त्यांच्या अध्यापनाचा विचार या गावी व्हावा हे उचितच आहे, कारण ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे इथल्याच.

सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, जी पुढे सौम्य करण्यात आली. त्या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीवर जी आगपाखड केली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंचा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला. निबंधावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हा निबंध पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत तो जवळपास विस्मृतीतच राहिला. वर्गात शिकवायचे ते केवळ ताराबाईंचे नाव नव्हे, तर ही नव्वद वर्षेही शिकवायची आहेत, कारण कोणाचे लेखन पुनःपुन्हा छापले जाते आणि कोणाचे नाही, यावरच पुढच्या पिढीचा इतिहास ठरतो.

पाठाच्या कडेला चौकटीत एक नाव आणि जन्मसाल घातले की उपेक्षा संपली, असा एक सोयीस्कर समज आहे. त्यातून प्रश्नमंजूषेला प्रश्न मिळतात, एवढेच. त्यापेक्षा प्राथमिक साधन, म्हणजे त्या काळाच्या माणसाने त्याच काळी लिहिलेला मूळ मजकूर, मुलांच्या हाती देणे अधिक फलदायी ठरते. फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आपला धर्म कोणता, असे ती त्यात विचारते, आणि बाळंतपणातही डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या स्त्रियांचे हाल सांगते. शाळकरी मुलीने लिहिलेले हे पान तिच्याच वयाच्या मुलांनी वाचू नये, याला कोणतेही शैक्षणिक कारण संभवत नाही.

उपस्थित शिक्षकांना स्वागत समितीची विनंती आहे की, परिषदेच्या समारोपापूर्वी प्रत्येक गटाने अशा एका तरी मूळ मजकुराचे पाठ टाचण तयार करावे आणि येत्या सत्रात ते आपल्या वर्गात वापरून पाहावे.