पावसाळ्यातले मीठ

अध्यक्षीय भाषणात वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो छापील अहवालात आलेलाच आहे, म्हणून माझा वेळ मी एकाच गोष्टीसाठी घेतो. समुद्रावरच्या हवेतले मीठ आपण मोजतो, पण समुद्र निवांत असताना मोजतो. इंडोएक्स या सागरी मोहिमेचा मुख्य टप्पा 1999 च्या जानेवारी ते मार्चमध्ये झाला, आयकार्ब 2006 च्या मार्च ते मेमध्ये, हिवाळी आयकार्ब डिसेंबर 2008 ते जानेवारी 2009 मध्ये. तिन्ही वेळा ‘सागरकन्या’ हे संशोधन जहाज समुद्रात होते. या मोहिमांचे मोल मी जाणतो. जमिनीवरून समुद्रावर जाणारा धूर आणि काजळी त्यांना शोधायची होती आणि त्यासाठी कोरडाच हंगाम हवा. 2002 ची आर्मेक्स मोहीम भर पावसाळ्यात निघाली, पण तिचे लक्ष किनाऱ्यावरच्या अतिवृष्टीकडे होते. अरबी समुद्र ज्या दिवसांत सर्वांत जास्त खवळतो, त्याच दिवसांची आपली वही सर्वांत पातळ आहे.

वाऱ्यावरून मीठ काढण्याचे सूत्र असताना जहाज कशाला, असे विचारले जाते. लाट फुटली की हवा पाण्यात कोंडते आणि बुडबुडे वर येतात. बुडबुड्याचा पापुद्रा फाटून बारीक तुषार उडतात, मागे राहिलेल्या खळग्यातून पाण्याची चिळकांडी उसळून मोठे थेंब फेकते. थेंब सुकले की मीठ उरते. म्हणजे हिशेब फुटत्या लाटांच्या फेसाचा आहे. मोनाहन आणि सहकाऱ्याच्या 1980 च्या सूत्रानुसार फेसाचे क्षेत्र वाऱ्याच्या वेगाच्या 3.41 व्या घाताने वाढते. वारा दुप्पट झाला की फेस दहापटीहून अधिक. इथे वाऱ्याच्या आकड्यातली लहानशी चूक मिठात केवढी होईल? शिवाय 2011 साली जहाजांवरच्याच नोंदींनी दाखवून दिले की नुसता वारा पुरत नाही. थंड पाण्यावर जोराच्या वाऱ्यात गणित मीठ जास्त दाखवत होते आणि उष्ण कटिबंधात कमी. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भांड्यातले असावे लागते. हवामानबदलाविषयीच्या आयपीसीसी या आंतरशासकीय समितीच्या 2013 च्या अहवालात जगभरच्या समुद्री तुषारांचा वार्षिक अंदाज 1,400 ते 6,800 दशलक्ष टन असा दिला आहे. एवढी फट उरलेले गणित पुरेसे आहे, असे मला म्हणवत नाही.

उपग्रहाचा आधार सांगणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन, की पावसाळ्यात त्याला ढगांचे माथे दिसतात, खालची हवा नव्हे. हातातला सूर्यप्रकाशमापकही उघड्या सूर्याशिवाय मुका. किनाऱ्यावरचे यंत्र खडकावर फुटणाऱ्या लाटांचेच मीठ मोजत बसते. खरा आक्षेप जहाजावरच आहे आणि तो मला मान्य आहे: नाळेवर आपटणाऱ्या लाटेचे पाणी नळीत शिरते, धुराड्याचा धूर गाळणीवर बसतो, जहाजाचा सांगाडा वारा वळवतो. पण यावरचे उपाय जुने आहेत. नळीचे तोंड डोलकाठीवर, समुद्रापासून पंधरा-अठरा मीटरवर, वाऱ्याकडे फिरणारे. वारा मागून आला की झडप बंद. हवा ठरावीक आर्द्रतेपर्यंत सुकवूनच कण मोजायचा, कारण 80 टक्के आर्द्रतेत मिठाचा कण कोरड्या कणाच्या सुमारे दुप्पट व्यासाचा होतो. ही आर्द्रता न लिहिता दिलेला आकार मी तरी आकार मानत नाही.

पाऊस सगळे मीठ धुऊन नेतो, मग मोजण्यासारखे काय उरते, हा शेवटचा प्रश्न. पाऊस धुतो ते मीठ पडण्याआधी ढगात काय करते, हेच तर शोधायचे आहे. मिठाचा मोठा कण ढगात पाणी ओढून इतरांआधी जड थेंब बनतो. याच भरवशावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने 1973 ते 1986 या काळातल्या अनेक पावसाळ्यांत पाऊस वाढवण्याच्या प्रयोगात बारामती परिसरातल्या ढगांत मीठ फवारले. आपण विमानातून टाकले ते मीठ किलोने मोजले. मोसमी वारा समुद्रावरून स्वतः किती घेऊन येतो, याचा हिशेब मात्र आजही सूत्राच्या भरवशावर चालतो. जून ते सप्टेंबर एक जहाज, दोन डोलकाठ्या, सोडियम आणि क्लोराइडचे रोजचे पृथक्करण: तपशिलाचा आराखडा कार्यकारिणीपुढे ठेवीन. कोकणातली मासेमारी 1 जूनला थांबते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होतो. आपले जहाज त्या नारळाच्या आधी समुद्रात असले पाहिजे.